सोलापुरात घर घेताना : सदनिका, प्लॉट की पेठेतले जुने घर?

सोलापुरात घर शोधणाऱ्या कुटुंबासमोर साधारणपणे तीन पर्याय येतात. पहिला म्हणजे जुळे सोलापूर, होटगी रोड किंवा विजापूर रोडच्या बाजूची सदनिका. दुसरा, हद्दवाढ भागात बिगरशेती प्लॉट घेऊन त्यावर स्वतः बांधलेले घर. आणि तिसरा, एखाद्या पेठेतले जुने घर. या तुलनेसाठी तिन्हींकरिता ४० ते ४५ लाखांची तयारी आहे असे धरले आहे. स्वतःच्या आणि दोन जवळच्या नातेवाइकांच्या खरेदीत या तिन्ही वाटा मी पाहिल्या आहेत. दर चौरस फुटाचा भाव किती यावर आम्ही जितके दिवस घालवले, त्याच्या निम्मे दिवस जरी पाण्याची आणि कागदपत्रांची चौकशी करण्यात घालवले असते तरी बराच मनस्ताप वाचला असता, असे आता वाटते.

पाणी कुठे साठणार?

उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीने येणारे पाणी सोलापूरकरांना वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतरानेच मिळत आले आहे, त्यामुळे इथल्या घराची खरी क्षमता खोल्यांवरून नव्हे तर साठवणुकीवरून मोजावी लागते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने चार माणसांच्या कुटुंबाला दिवसाला ५४० लिटर आणि पाच दिवसांना २,७०० लिटर पाणी लागते. स्वतःच्या प्लॉटवर पाच हजार लिटरचा हौद आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी केली की हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

सदनिकेत मात्र हाच हिशेब सर्वांचा मिळून करावा लागतो. वीस सदनिकांच्या इमारतीला पाच दिवसांसाठी ५४,००० लिटर लागतात आणि जमिनीखालची टाकी त्याच्या निम्म्या क्षमतेची असेल, तर उरलेले पाणी बोअरचे किंवा टँकरचे असते आणि त्याचा खर्च मासिक देखभालीच्या रकमेतून निघतो. म्हणून नमुना सदनिका पाहून झाल्यावर खाली उतरून वॉचमनला तीन गोष्टी विचाराव्यात : नळाचे पाणी कितव्या दिवशी आणि किती वाजता येते, टाकी किती लिटरची आहे, आणि गेल्या मे महिन्यात किती टँकर आले. आम्ही एका इमारतीत हे विचारले तेव्हा वॉचमनने काही न बोलता भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. मे महिन्याच्या जवळपास प्रत्येक तिसऱ्या चौकोनात पेन्सिलीने ‘टँ’ असे लिहिलेले होते. ती सदनिका आम्ही घेतली नाही.

पेठांमध्ये नळजोड जुना आणि बहुधा खात्रीचा असतो, परंतु हौदाला जागा नसते. घर पाहायला पाणी येण्याच्या दिवशीच जावे, म्हणजे दाब किती आहे आणि मोटर लावल्याशिवाय पाणी चढते की नाही हे डोळ्यांनी दिसते.

कागदपत्रे : ओझे कोणाच्या खांद्यावर?

नव्या सदनिकेच्या बाबतीत ग्राहकाला कायद्याचा सर्वाधिक आधार आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आहे आणि ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका आहेत, त्याची महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी बंधनकारक आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशापैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष निघाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. किंमत कारपेट क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, सांगितली गेली पाहिजे. ‘सुपर बिल्टअप’चा आकडा ऐकून दोन इमारतींची तुलना करू नये, कारण दोघांनी त्यात जिना आणि लॉबी सारख्याच प्रमाणात धरलेली नसते. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मागावे. आठ किंवा त्यापेक्षा कमी सदनिकांच्या लहान इमारती सोलापुरात पुष्कळ आहेत. त्यांना महारेराची नोंदणी लागत नाही, हे लक्षात ठेवून तिथे मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम स्वतः ताडून पाहावे.

प्लॉटच्या बाबतीत जवळपास सर्व चौकशी खरेदीदारालाच करावी लागते. १९९२ च्या हद्दवाढीने आजूबाजूची गावे महापालिकेत आली, परंतु शेतजमिनीचे तुकडे पाडून ते गुंठ्याने विकण्याची सवय त्या भागात पुढेही राहिली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दर गुंठ्याचा सांगितला जात असेल तर पहिला प्रश्न बिगरशेती आदेशाचा आणि मंजूर रेखांकनाचा (लेआउटचा) विचारावा. हे दोन्ही नसतील, तर प्लॉट कितीही स्वस्त वाटला तरी त्यावर बांधकाम परवाना आणि बँकेचे कर्ज मिळणे अवघड होते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली काही जुने भूखंड नियमित झाले आहेत. तसा प्लॉट असेल तर नियमितीकरणाचे प्रमाणपत्रच पाहावे, ‘अर्ज केलेला आहे’ या उत्तरावर थांबू नये. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. विकास आराखड्यातील आरक्षण आणि रस्त्याची रेषा तपासण्यासाठी महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. होटगी रोडला विमानतळाच्या आसपास दुसरा-तिसरा मजला पुढे चढवायचा विचार असेल, तर उंचीची मर्यादा आधीच विचारून घ्यावी.

माझ्या मेहुण्याने प्लॉट घेतला तेव्हा कागदपत्रे चोख होती, पण भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी खरेदीनंतर करून घेतली. खुणेचे दगड रोवले गेले तेव्हा शेजाऱ्याचे कुंपण चार फूट आत आलेले निघाले आणि तो तंटा मिटायला दोन वर्षे गेली. मोजणीची फी खरेदीपूर्वी भरली असती तर हा प्रश्न विकणाऱ्याचा राहिला असता.

पेठेतल्या घराला सिटी सर्व्हेचा मिळकत पत्रिका उतारा असतो आणि त्यावर अनेकदा आजोबांचे नाव असते. वारस किती, त्यांतल्या मुलींची हक्कसोडपत्रे नोंदवलेली आहेत का, खाली एखादा जुना भाडेकरू आहे का, भिंत सामाईक आहे का, ही सर्व माहिती तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टसह (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालासह) वकिलाकडून तपासून घ्यावी. रस्तारुंदीत घराचा पुढचा भाग जात असेल तर पुनर्बांधणीच्या वेळी उरणारी जागा फारच लहान होते.

पैशांचा हिशेब

सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के आणि नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये, असा खर्च येतो. ४० लाखांच्या सदनिकेला हे २ लाख ७० हजार रुपये होतात. राहत्या घराची खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का, म्हणजे इथे ४०,००० रुपये सवलत मिळते; मोकळ्या प्लॉटला ती लागू होत नाही.

बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर जीएसटी लागतो, आणि इथे सर्वात जास्त लोक फसतात. सोलापूर महानगरांच्या यादीत नसल्याने ९० चौरस मीटरपर्यंत कारपेट आणि ४५ लाखांपर्यंत एकूण किंमत असलेल्या घराला १ टक्का, त्यापुढे ५ टक्के असा दर आहे. ‘एकूण किंमत’ या शब्दात पार्किंग आणि विकास शुल्कही येते. सदनिका ४४ लाखांची आणि वरचे शुल्क २ लाखांचे असेल, तर कर ४६ लाखांवर ५ टक्क्यांनी, म्हणजे २ लाख ३० हजार होतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला आणि पुनर्विक्रीच्या घराला हा कर नाही.

कर्जाची रीतही वेगळी असते. ३० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो. तयार सदनिकेत हप्ता सुरू होतो तेव्हा घरभाडे थांबते. स्वतः बांधताना बँक रक्कम जोत्यापर्यंत, स्लॅबपर्यंत अशी टप्प्याटप्प्याने देते, आणि तोवर भाडे व व्याज दोन्ही चालू राहतात.

ऊन आणि माती

हा भाग थोडक्यात सांगता येईल. शेवटच्या मजल्याची सदनिका मे महिन्यात दुपारी तीन वाजता पाहावी आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावावा. प्लॉट सप्टेंबरच्या पावसात पाहावा, कारण सोलापूरचा जोराचा पाऊस त्याच सुमारास पडतो आणि काळ्या मातीत पाणी कुठे थांबते, रस्ता किती राहतो हे तेव्हाच कळते. अशा मातीत पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो आणि तो खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरावा.

माझे मत

ज्यांची मुले पुण्याला नोकरीस आहेत आणि जे स्वतः वर्षातले तीन-चार महिने तिकडे राहतात, त्यांनी भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार सदनिकाच घ्यावी. कुलूप लावून जाता येते आणि कुंपणाची चिंता राहत नाही. ज्या घरात शिवणकाम, विड्या किंवा एखादा छोटा धंदा चालतो, किंवा दोन भाऊ एकत्र राहणार आहेत, त्यांना सोसायटीचे नियम अडचणीचे ठरतात. त्यांनी प्लॉट घ्यावा, मात्र रोज साइटवर उभे राहायला घरातला एक माणूस मोकळा असेल तरच. ज्यांचे दुकान किंवा माग शहराच्या पूर्व भागातल्या पेठांतच आहे आणि ज्यांचे शेजार-नाते तिथेच आहे, त्यांच्यासाठी पेठेतले घर आजही उत्तम आहे, परंतु वारसांच्या सह्या पूर्ण होईपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

पर्याय कोणताही असो, विसार देताना रक्कम चेकने द्यावी आणि विसार पावतीवरच ‘मालकी हक्कातील दोषामुळे बँकेने कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल’ असे वाक्य लिहून घ्यावे. विकणारा ते लिहून द्यायला तयार नसेल, तर सर्च रिपोर्ट हातात येईपर्यंत चेकबुक घरीच ठेवावे.