‘इस्टेटमधून थेट’ कॉफी मागवताय? आधी हे वाचा

घरी हौसेने कॉफी करणाऱ्यांचे ग्रुप आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत, कोल्हापूर-सांगलीतही आहेत. त्यांच्या मागावर असलेले भामटेही इथवर पोचले आहेत. आमच्या ग्रुपला अशाच एकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये गंडा घातला. पैसे गेलेच, पण त्याहून मनाला लागलं ते हे की त्याची भेसळीची पाकिटं आम्ही एकमेकांच्या घरी प्रेमाने पोचवली. त्याची पद्धत इतकी सरावाची होती की तो हेच दुसऱ्या गावातही करत असणार. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते.

आमचा ग्रुप म्हणजे रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमणारी मंडळी. एक जण व्ही६० (कॉफी गाळायचा शंकूसारखा कप) आणतो, एका मैत्रिणीकडे मोका पॉट (गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं) आहे, माझ्याकडे हुबळीच्या मावशीने दिलेला पितळी फिल्टर. एकच कॉफी वेगवेगळ्या पद्धतीने करायची, कप शेजारी शेजारी ठेवायचे आणि सगळ्यांनी चाखायची. १५ ग्रॅम कॉफीला २५० मिली पाणी हे माप आता सगळ्यांना पाठ आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी माझ्याकडे प्यायली आणि घोटभर थांबून म्हणाल्या, “अगं, ह्याला मागून संत्र्यासारखं काहीतरी लागतंय.” त्या दिवसापासून त्या दर रविवारी येतात. या छंदाचं सुख मला तरी अशा क्षणांत आहे. एकट्याने पिण्यात ते नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी टाकलेल्या फोटोंखाली एका माणसाने लिहिलं आणि मग फोन केला. “ताई, मी मूळचा निपाणीचा. आता चिकमगळूरला इस्टेटवर, म्हणजे कॉफीच्या मळ्यावर असतो.” मराठी अगदी आपल्या सीमाभागातली. इस्टेटचं त्याने सांगितलेलं नाव खरं, जुनं आणि जाणकारांत मानाचं. बाबाबुडनगिरीच्या डोंगरउतारावरची अरेबिका (कॉफीची महाग जात; दुसरी, स्वस्त जात म्हणजे रोबस्टा), जीआय मानांकनाची (म्हणजे त्या ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं), मधला दलाल नाही, असं त्याचं म्हणणं. बाबाबुडनगिरी, चिकमगळूर आणि कूर्गची अरेबिका, अराकू खोऱ्यातली अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा या पाच कॉफींना २०१९ मध्ये जीआय मिळालं आहे, त्यामुळे बोलणं खोटं वाटण्यासारखं नव्हतं. नमुना फुकट, फक्त पार्सलचा खर्च द्या म्हणाला. ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाकीट आलं, कोल्हापूरच्या तावडे हॉटेलजवळ जाऊन आम्ही ते उतरवून घेतलं.

नमुना उत्कृष्ट होता. गरम पाण्याची पहिली धार पडल्यावर फिल्टरमधली पूड तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली. ताज्या भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, पाणी लागलं की तो बाहेर पडतो आणि पूड वर येते. जुन्या कॉफीत तो उडून गेलेला असतो, म्हणून ती पाण्याखाली नुसती चिखलासारखी बसते. माझी आज खात्री आहे की ते पाकीट त्याने कॉफी भाजून विकणाऱ्या एखाद्या चांगल्या रोस्टरकडून विकत घेऊन आपल्या पिशवीत भरलं होतं. नमुना खरा असण्यातच त्याचं सगळं भांडवल होतं.

एक खूण मात्र तेव्हाच समोर होती. त्याच ऑगस्टमध्ये त्याने लालचुटूक फळांनी लगडलेल्या फांद्यांचा फोटो पाठवला आणि लिहिलं, “कालच तोडणी झाली, ताई. हीच तुम्हाला देतो.” चिकमगळूरला अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबरपासून सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत चालते. फुलं येतात मार्च-एप्रिलच्या पावसानंतर. ऑगस्टमध्ये झाडावर हिरवी फळं असतात. शिवाय फळ तोडल्यावर साल काढणं, आंबवणं, वाळवणं, क्युरिंग वर्क्समध्ये (वाळलेलं टरफल काढून बिया निवडणाऱ्या कारखान्यात) पाठवणं, भाजणं हे सगळं काल-आजमध्ये होत नाही. विकणारा बारमाही ‘ताजी तोड’ देत असेल तर तिथेच फोन ठेवावा.

पुढच्या फोनला त्याचा प्रश्न होता, “तुम्ही किती जण आहात?” पाच किलोंच्या वर मागवलंत तर सूट. मग विचारलं, कुणाकुणाकडे ग्राइंडर आहे आणि कुणाला दळून हवी? आपुलकीने विचारल्यासारखं विचारलं. आता त्याचा अर्थ लागतो. अख्ख्या बिया मागणाऱ्याला निदान बिया तरी द्याव्या लागतात, पूड मागणाऱ्याला काहीही मिसळून देता येतं. कुठल्या पाकिटात काय भरायचं याची यादी आम्ही त्याला नावानिशी दिली होती.

ऑक्टोबरमध्ये लहानशी ऑर्डर दिली. माल ठीक आला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा वायदा (पुढे द्यायच्या मालाचा आज ठरवलेला भाव) पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला, तोवरचा सगळ्यात चढा भाव. ही बातमी खरी होती आणि त्याने ती कात्रणांसकट पाठवली. “ताई, पुढच्या महिन्यात या भावात मिळणार नाही. वर्षाचा माल आत्ता बांधून घ्या. अर्धा लगेच पाठवतो, अर्धा क्युरिंग झाल्यावर.” चांगली भाजलेली अरेबिका आम्हाला एरवी किलोला दोन हजारांच्या आसपास पडायची, तो साडेतेराशे म्हणत होता, पण पूर्ण रक्कम आगाऊ. भाव जगभर चढत असताना हाच माणूस खाली का येतोय, हा प्रश्न अशा वेळी विचारलाच पाहिजे. ज्याच्याकडे खरा माल असतो तो चढत्या बाजारात घाईला येत नाही. पैसे यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर इस्टेटचं नाव नव्हतं, कुणा तिसऱ्याच व्यक्तीचं होतं. विचारलं तर उत्तर तयार होतं: “मालकांच्या मेहुण्यांचं खातं आहे, इस्टेटचं ऑडिट चालू आहे.” पक्कं बिल मागितलं तर “मालासोबत येईल.”

अर्धा माल आला. आणि इथे जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कॉफी वाईट होती आणि कुणीच काही बोललं नाही. काकूंनी दूध-साखर वाढवून ती प्यायला सुरुवात केली. एका मित्राने पाणी बदललं, मग दळण बारीक करून पाहिलं, मग जाड. दुसरी एक मैत्रीण पाण्याचं तापमान ९२ अंशांवरून वर-खाली करत बसली. प्रत्येकाला वाटत होतं की चूक आपल्या हातात आहे किंवा आपल्या जिभेत. नवशिक्याला असं वाटतंच. मी त्याला फोनवर विचारलं की कडवटपणा का येतोय, तर तो म्हणाला, “हे फर्मेंटेशनचे नोट्स आहेत, ताई, आंबवण्यातून आलेल्या चवीच्या छटा. सगळ्यांना लगेच कळत नाहीत.” या एका वाक्यावर त्याने आम्हाला बरेच दिवस गप्प ठेवलं. भाजीवाल्याने किडकी वांगी दिली तर आपण तिथल्या तिथे परत करतो. पण जिथे ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ असं म्हणता येतं, तिथे माणूस संकोचतो, आणि कॉफी असो, अत्तर असो की केशर, भामटा त्या संकोचावरच जगतो. चवीचे जाणकारही यातून सुटलेले नाहीत. १९९६ मध्ये अमेरिकेत हवाईच्या कोना कॉफीचा घोटाळा उघड झाला. मध्य अमेरिकेतली स्वस्त कॉफी कोनाच्या नावाने विकली जात होती आणि व्यापारातली मुरलेली मंडळी ती घेत होती. तेव्हा जिभेवर सगळा भार टाकू नका. डोळ्यांनी तपासता येईल असं बरंच काही असतं.

आमच्यात एक निवृत्त रसायनशास्त्राचे सर आहेत. त्यांनी एका रविवारी काचेच्या ग्लासात गार पाणी घेतलं, आमच्या जुन्या खात्रीच्या कॉफीची चिमूट वर टाकली. ती तरंगत राहिली, पाणी स्वच्छ. मग दुसऱ्या ग्लासात काकूंच्या पाकिटातली चिमूट टाकली. पाच-दहा सेकंदांत कण खाली सुटू लागले आणि प्रत्येक कणामागे तपकिरी धागा सोडत गेले. बघता बघता ग्लासभर रंग उतरला. ही चिकरी. कॉफीच्या पुडीत तेलाचा अंश असल्याने ती बराच वेळ वर राहते, चिकरीचं भाजलेलं मूळ पाणी शोषून लगेच बुडतं आणि रंग सोडतं. पाणी ढवळायचं नाही आणि पहिल्या काही क्षणांतच काय होतं ते बघायचं. पाकिटावर छापलं होतं ‘१०० टक्के अरेबिका’.

चिकरीबद्दल माझी काही तक्रार नाही, हे मुद्दाम सांगते. ८०-२० ची (८० टक्के कॉफी, २० टक्के चिकरी) फिल्टर कॉफी मी आवडीने पिते. पण नियम असा आहे की मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि चिकरी किती आहे ते पाकिटावर लिहायलाच हवं. चिकरीसारखं स्वस्त मूळ, अरेबिकाच्या भावात विकणं ही चोरी आहे.

मग सरांनी माझ्या बियांचं पाकीट ताटात ओतलं. अरेबिकाची बी लांबट, अंडाकृती असते आणि तिच्या मधली चीर नागमोडी. रोबस्टा गोलसर, चीर जवळजवळ सरळ. भाजल्यावर चिरेतली पांढुरकी रेघ उठून दिसते, त्यामुळे निवडणं सोपं जातं. तांदूळ निवडतात तसे आम्ही सगळे ताटाभोवती बसलो आणि दोन ढीग केले. रोबस्टाचा ढीग मोठा झाला. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सत्तर टक्क्यांच्या आसपास रोबस्टाच असते आणि तिच्यात नीट धुऊन वाळवलेली ‘कापी रॉयल’ फार सुंदर लागते. ती तिच्या नावाने विकली असती तर आम्ही आनंदाने घेतली असती. बियांवर तेलाची चकाकी होती आणि वास खवट. एका मैत्रिणीने पाकिटावरचं भाजल्याच्या तारखेचं स्टिकर किटलीच्या वाफेवर धरलं. ते सुटून आलं आणि खाली दुसरं स्टिकर निघालं, त्यावर आदल्या वर्षीच्या मार्चची तारीख. त्या वेळी खोलीत झालेला संताप मी विसरणार नाही.

त्या संध्याकाळी मी इस्टेटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून फोन लावला. हे काम पहिल्याच दिवशी करण्यासारखं आहे: विकणाऱ्याने दिलेला नंबर नाही, आपण स्वतंत्रपणे शोधलेला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या की या नावाचा माणूस त्यांच्याकडे कधीच नव्हता आणि याआधीही असे फोन आले आहेत. पाकिटावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक त्यांच्याच फॉसकॉस या परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकला, तर तो वेगळ्याच राज्यातल्या एका बेकरीचा निघाला. निपाणीच्या त्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. उरलेला अर्धा माल अर्थातच आला नाही.

तक्रारीबद्दल थोडं, कारण इथे उशीर महागात पडतो. ऑनलाइन पैशांची फसवणूक लक्षात येताच १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), तारीख, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यातली रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या तक्रारीनंतर त्या खात्यात शिल्लक होती तेवढी रक्कम गोठवली गेली, पण बाकीची आधीच पुढे सरकली होती. ज्यांनी ज्यांनी स्वतःच्या खात्यातून पैसे दिले त्यांनी स्वतंत्र तक्रार करावी, असं आम्हाला ठाण्यात सांगितलं. माल मिळाला पण खोटा निघाला, आणि विकणारा खरोखर अस्तित्वात असलेला दुकानदार आहे, अशा प्रकरणात १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. भेसळीची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

आता आम्ही असं करतो. एकत्र मागवलं तरी पैसे प्रत्येकजण आपापले थेट विक्रेत्याच्या व्यवसायाच्या खात्यावर भरतो आणि बिल आपल्या नावाने घेतो. पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, छापील किंमत आणि तारीख नसेल तर घेत नाही. सगळेजण अख्ख्या बियाच घेतात, आणि ज्यांच्याकडे ग्राइंडर नाही त्यांची कॉफी रविवारी माझ्याकडे दळून होते. नवा लॉट आला की पहिलं पाकीट सगळ्यांसमोर फोडायचं, बिया ताटात पसरायच्या, मग पाणी ठेवायचं. आणि कॉफी कुणाला आवडली नाही तर त्याने तसं बोलायचं. काकू आता सगळ्यात आधी बोलतात.

हा माणूस तुमच्यापर्यंत पोचला असेल आणि त्याचा माल घरात पडून असेल, तर चिडून पाकिटं कचऱ्यात टाकू नका. स्टिकरसकट, सीलसकट, पार्सलच्या पावतीसकट ती कोरड्या डब्यात ठेवा आणि तक्रारीत त्यांचा उल्लेख करा. आमच्या काही मित्रांनी पाकिटं फेकून दिली होती, त्यामुळे पुडीच्या भेसळीचा पुरावा म्हणून शेवटी काकूंचं एकच अर्धं पाकीट हातात राहिलं.