आठ महिने बोटात घातलेला पुष्कराज : रंग उत्तम, घडण नाही

सिलोनी (श्रीलंकेचा) पुष्कराज, ४.८० कॅरट, ओव्हल, लॅबचं सर्टिफिकेट आहे, खडा अस्सल आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मधल्या त्या खिडकीबद्दल, म्हणजे आरपार दिसणाऱ्या फिक्या जागेबद्दल आहे.

अंगठी नेहमीसारखी मागून उघडी, खडा बोटाला टेकेल अशी. सरळ वरून पाहिलं की कडेचे पैलू छान पेटतात आणि मधोमध, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या जागेतून, माझ्या बोटाची कातडी दिसते. रेषांसकट! तेवढ्या भागात रंगही पाण्यासारखा फिका.

सुरुवातीला वाटलं, मागे साबण साचला असेल. तसा तो साचतोही, आणि मागच्या पैलूंवर तेलकट थर बसला की चमक खरोखरच उतरते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुतलं. कडा लखलखल्या, मध्य तसाच. म्हणजे दोष मळाचा नाही, कोनाचा. नीलम-पुष्कराजात खालच्या पैलूंचा उतार साधारण साडेचौतीस अंशांपेक्षा कमी झाला, की वरून शिरलेला प्रकाश परत न येता खालून निघून जातो. म्हणून चांगला कारागीर ४० अंशांच्या आसपास ठेवतो. माझ्या खड्याला कमरेखाली (सगळ्यात रुंद कडेखाली) भलंमोठं पोट आहे आणि खालच्या टोकाजवळ उतार जवळजवळ सपाट. रुंदी ८.३ मिमी, खोली ६.९, म्हणजे ८३ टक्के. त्या पोटाचे पैसे मी कॅरटच्या भावाने मोजले आणि ते अंगठीत कधी दिसतही नाही. मला सगळ्यात जास्त चीड याचीच आहे.

पेढीवर गेले तर उत्तर मिळालं, "ताई, रंग बघायचा असतो, कट कोण बघतं?" कट मीच बघते. सर्टिफिकेटवर वजन, मापं, हीट केलाय (रंगासाठी तापवलाय) की नाही हे सगळं आहे, पण कट किती चांगला याबद्दल एक अक्षर नाही. रंगीत खड्यांच्या बहुतेक सर्टिफिकेटवर ते नसतंच, त्यामुळे डोळ्यांवरच भिस्त.

मग एका पैलू पाडणाऱ्या कारागिराला दाखवला आणि माझं मत थोडं बदललं. त्यांनी खडा कोंदणातून काढून पांढऱ्या वाटीत पाण्यात आडवा धरला. पिवळा रंग बराचसा खालच्या टोकाशी गोळा झालेला! श्रीलंकेतल्या रत्नपुरा भागातले कारागीर वजन राखतात हे ऐकून होते, पण रंगाचा पट्टा मुद्दाम टोकाशी ठेवला की वरून सगळा खडा रंगीत दिसतो, हे त्यांनी समजावलं. म्हणजे ज्याने हा घडवला त्याला काम येत होतं. पोट उतरवून कोन सरळ केला तर खिडकी बंद होईल, खडा चार कॅरटच्या थोडा वर उरेल, पण टोक फार घासलं गेलं तर रंगही जाईल. शिवाय सासूबाईंना सव्वापाच रत्तीच्या, म्हणजे आत्ताच्या वजनाच्या, खाली उतरलेला खडा चालणार नाही, म्हणून तूर्तास रीकट नाही.

घेणाऱ्यांनी एवढं करा : दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचही चमकते, तेव्हा सुटा खडा दारापाशी उजेडात न्या. छापील पावतीच्या किंचित वर सपाट धरा आणि सरळ वरून बघा. तिरका केला तर चांगल्या खड्यातूनही आरपार दिसतं. मधून अक्षरं वाचता आली तर भाव पाडून मागा, आणि हे सगळं खडा कोंदणात बसवण्याआधी.