ऑम्नीपॉड ५ : नळी नसलेल्या पंपाबरोबर एक वर्ष

मला टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवत नाही तो, झाला १९९६ साली, कराडला, सातवीत असताना. घरात फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून एका छोट्या माठात ठेवायची, लाल टोपणाच्या सिरिंजने सकाळ-संध्याकाळ टोचून घ्यायचं, आणि मध्ये शुगर किती आहे ते देवाला ठाऊक. हे सांगायचं कारण एवढंच, की मी कुठल्याही यंत्राकडे बघते ती त्या माठाच्या बाजूने. त्यामुळे थोडी जास्तच हरखते आणि थोडी जास्तच संशय घेते.

आता मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला असते. आधी सहा वर्षं इन्सुलिनचा नळीवाला पंप वापरला. ज्यांनी वापरलाय त्यांना स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरची मूठ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पोळ्या लाटता लाटता वळायचं, नळी मुठीत अडकायची, आणि पोटाला हिसका. शिवाय पंप ठेवायचा कुठे? जीन्सला खिसा असतो, साडीला नसतो. मी तो ब्लाउजमध्ये खुपसायचे आणि जेवताना डोस द्यायची वेळ आली की बाथरूम शोधायचे.

डिसेंबर २०२३ मध्ये कुठले उपचार सरकारी सेवेत द्यायचे ते सुचवणाऱ्या इथल्या ‘नाइस’ या संस्थेने टाइप १ साठी हायब्रिड क्लोज्ड लूपची, म्हणजे सेन्सर बघून आपलं आपण इन्सुलिन कमी-जास्त करणाऱ्या पंपांची, शिफारस केली आणि पुढच्या एप्रिलपासून एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, ते टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. माझा नंबर त्याच वर्षी नोव्हेंबरात लागला आणि ऑम्नीपॉड ५ मिळाला. पैसे एकही पडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. खिशातून खर्च करणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो आणि तो मी तुमच्यासाठी करू शकत नाही.

वस्तू काय आहे? पॉड. काड्यापेटीपेक्षा जरा रुंद आणि जाड, पांढरा, एका बाजूला चिकटपट्टी. वजन २६ ग्रॅम. आत इन्सुलिनची टाकी, बॅटरी, सुई, सगळं. ८५ ते २०० युनिट इन्सुलिन मावतं. तीन दिवस चालतो, वर आठ तासांची सवलत, मग फेकायचा. सोबत फोनसारखा दिसणारा कंट्रोलर येतो. दंडावर सेन्सर वेगळा लावावा लागतो. माझा लिब्रे २ प्लस आहे, तो पंधरा दिवस जातो. सेन्सर पॉडशी थेट बोलतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, की हिशोब करणारा मेंदू पॉडच्या आतच आहे. कंट्रोलर घरी विसरून ऑफिसला गेले तरी पंपाचं काम चालू राहतं. जेवणाचा डोस मात्र देता येत नाही. ते मी एकदा करून बघितलंय आणि डब्यातली भाजी-पोळी समोर ठेवून पर्समधलं इन्सुलिनचं पेन शोधलंय.

लावायची पद्धत अशी. सिरिंजने इन्सुलिन भरायचं, पॉड दोनदा बीप करतो. मग टोपण काढायचं, चिकटपट्टीचा कागद सोलायचा, पोटावर दाबायचा आणि कंट्रोलरवर स्टार्ट. पुढचे काही सेकंद वाईट. आतून टिक... टिक... असा आवाज येत राहतो आणि कुठल्या टिकला सुई सुटणार ते कळत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं स्वतःला हजारो सुया टोचलेली मी बाई, पण तेव्हा दात आवळून कपाटाकडे बघते. खट् होतं, सुई आत जाऊन लगेच परत येते, मऊ कॅन्युला, म्हणजे इन्सुलिन सोडणारी बारीक नळी, आत राहते. पॉडवरच्या बारीक खिडकीत गुलाबी रंग दिसला की झालं. दुखतं का, तर चिमट्याएवढं. आपण टोचतो तेव्हा आपला हात असतो, इथे दुसऱ्याचा, फरक तेवढाच. माझ्या मुलाला तो गुलाबी ठिपका बघायचा मान असतो. “आई, पिंक,” असं तो जाहीर करतो आणि निघून जातो.

पहिले दोन आठवडे मी वैतागले होते. आकडे सतत १२-१३. (इथे मिलिमोलमध्ये मोजतात, १८ ने गुणा, म्हणजे भारतातला मिलिग्रॅमचा आकडा येईल.) हा पंप सुरुवातीला फार सावध असतो. दिवसाला एकूण किती इन्सुलिन लागतं ते तो शिकतो आणि दर नव्या पॉडला आपला अंदाज सुधारतो. म्हणजे नवी सून घरात आल्यासारखं, मीठ किती लागतं ते कळेपर्यंत आमटी अळणीच. मी मध्ये मध्ये हात घालून जास्तीचे डोस द्यायला लागले. नर्स म्हणाली, तू जितकी लुडबुड करशील तितका त्याला वेळ लागेल. पाचव्या-सहाव्या पॉडनंतर रात्रीची रेघ सपाट व्हायला लागली.

आणि रात्र हाच या पंपाचा खरा गुण आहे. दर पाच मिनिटांनी तो सेन्सरचा आकडा घेतो, पुढच्या तासाभरात शुगर कुठे जाईल ते बघतो आणि त्याप्रमाणे थेंब-थेंब इन्सुलिन देतो किंवा थांबवतो. पूर्वी झोपताना ७ असलं तरी मी दोन मारी बिस्किटं खाऊन झोपायचे, रात्री लो होईल, म्हणजे शुगर फार खाली जाईल, या भीतीने. सकाळी अर्थात १४. आता ७ ला झोपते आणि साडेसहाच्या आसपास उठते. बिस्किटं बंद झाल्याने दोन किलो वजन उतरलं हा बोनस. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.२ वरून ७ वर आलं.

दिवसाची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही काय खाताय ते या पंपाला कळत नाही. कर्ब्ज (कर्बोदकं) मोजून तुम्हीच सांगायचे, आणि जेवायच्या पंधरा मिनिटं आधी सांगायचे. कुणी ‘आता काहीही खा, मशीन बघून घेतं’ असं सांगत असेल तर त्याने हा पंप लावलेला नाही. वाढलेली शुगर तो हळूहळू खाली आणायचा प्रयत्न करतो, पण दणकून करेक्शनचा डोस आपण होऊन देत नाही. ते बटण आपल्यालाच दाबावं लागतं.

माझी खरी कटकट आहे साबुदाण्याच्या खिचडीशी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, वरून तूप. शुगर आधी उडी मारते आणि मग तीन-चार तास वर रेंगाळते. जुन्या पंपावर मी डोस पसरून द्यायचे, अर्धा आत्ता आणि अर्धा दोन तासांत हळूहळू. इथे ती सोय फक्त मॅन्युअल मोडमध्ये आहे, म्हणजे पंप सेन्सर न बघता ठरवून दिलेलं इन्सुलिन देत असतो तेव्हा. ऑटोमॅटिकमध्ये असताना नाही. का नाही ते समजतं, पंप स्वतःच इन्सुलिन वाढवत असताना वरून पसरलेला डोस चालू असेल तर दोघांची टक्कर होईल. समजलं म्हणून पटतंच असं नाही. नर्सशी बोलून मी आता डोस दोनदा देते, दुसरा थोडा कमी, आणि एकादशीला वाटी लहान घेते. पुरणपोळीचं त्या मानाने सोपं आहे. माझ्या हातची एक पोळी ५० ग्रॅम कर्ब्ज धरते, आधी डोस, मग पंधरा मिनिटं वाढपाचं काम करायचं, मग बसायचं. घरच्या बाईने शेवटी बसायची रीत पहिल्यांदाच कामी आली.

दुसरी मर्यादा टार्गेटची, म्हणजे पंपाने शुगर ज्या आकड्याला ठेवायची त्याची. माझ्या पंपात सगळ्यात खालचं टार्गेट ६.१, म्हणजे ११०. त्याखाली लावताच येत नाही. मला पुरतं. पण माझ्या ओळखीची एक मुलगी बाळाचा विचार करतेय, तिला डॉक्टरांनी यापेक्षा कडक आकडे सांगितलेत, आणि ती दुसऱ्या पंपाची चौकशी करतेय.

आता कपडे. बायकांच्या मेसेजमध्ये पहिला प्रश्न हाच असतो. साडीत पोटावर, निऱ्यांच्या वर दोन बोटं, छान लपतो. दंडावर लावलात तर ब्लाउजची बाही सैल शिवून घ्या. नऊवारीत पोटावर अजिबात नको, ओचा बरोब्बर त्याच्यावर दाबला जातो. मंगळागौरीच्या खेळांना मी कमरेच्या मागच्या बाजूला लावला आणि तासभर आधी ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ चालू केलं. त्यात टार्गेट ८.३ होतं आणि इन्सुलिन कमी जातं. झिम्मा, फुगडी, पिंगा, सगळं झालं आणि शुगर ६.४. गेल्या वर्षी ह्याच कार्यक्रमात मी कोपऱ्यात बसून संत्र्याचा ज्यूस पीत होते.

पाण्याला पॉड घाबरत नाही. साडेसात मीटर खोल पाण्यात तासभर चालतो असं कंपनी सांगते. माझ्या अंघोळीला ते पुरेसं आहे. कंट्रोलरला मात्र पाणी चालत नाही. पण पॉडचा खरा शत्रू पाणी नाही, तेल. नरकचतुर्दशीला पहाटे उटण्याआधी नवऱ्याने पाठीला तेल चोळलं, मी पोटापर्यंत हात फिरवला, आणि फराळ होईस्तोवर पॉड एका कडेने उचलला गेला. दोष शंभर टक्के माझा. पुढच्या वर्षी अभ्यंगस्नान पॉड बदलायच्या दिवशीच येईल असा तीन दिवसांचा उलटा हिशोब मी आठवडाभर आधीपासून करणार आहे.

आणखी एक फजिती सांगते, तीही माझ्याच हाताने झालेली. मैत्रिणीकडे गणपती. पॉड मी सकाळी घाईत मांडीवर लावला होता, जिथे शाळेत असल्यापासून सुया टोचून गाठी झाल्यात तिथे. त्या जागा सोड, इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, असं नर्सने दोनदा बजावलं होतं. संध्याकाळी आरतीच्या शेवटी, टाळ्यांचा वेग वाढलेला, कापूर पेटलेला, आणि एक कर्कश आवाज सुरू झाला. इथल्या घरांत कापराने स्मोक अलार्म वाजणं ही इतकी नित्याची गोष्ट आहे की यजमानांनी आरती न थांबवता टॉवेल घेतला आणि छताखाली हलवायला लागले. मागच्या दोघांनी खिडक्या उघडल्या. आवाज थांबेना. मग माझ्या शेजारची छोटी माझ्या मांडीकडे बघून म्हणाली, “काकू, तुम्ही वाजताय.”

कॅन्युला अडली होती. पॉड बंद करायला कंट्रोलर हवा, आणि कंट्रोलर माझ्या कोटाच्या खिशात, कोट वरच्या बेडरूममध्ये, तीस कोटांच्या ढिगात. तेवढा वेळ मी वाजत जिना चढले. पर्समध्ये जास्तीचा पॉड होता पण इन्सुलिनची बाटली घरी. पेन होतं म्हणून प्रसाद खाता आला. पंपावर असताना दिवसभर पुरणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन अंगात नसतं. पंप थांबला की काही तासांत शुगर चढते आणि रक्तात कीटोन्स नावाची घातक आम्लं साचायला लागतात. तेव्हापासून पर्समध्ये एक पिशवी कायमची आहे: पॉड, बाटली, सिरिंज, पेन, कीटोनच्या पट्ट्या, ग्लुकोजच्या गोळ्या. नळी गेली, पिशवी आली.

जानेवारीत भारतात गेले होते. विमानतळावर झडतीवाल्या बाईंचा हात पॉडवर थांबला. “ये क्या है?” म्हटलं, शुगरची मशीन. मग मराठीत, “माझ्या सासूलाही आहे, त्या कारल्याचा रस घेतात.” झालं, सोडलं. कराडला मात्र माझ्या हातून इन्सुलिनची बाटली फरशीवर पडून फुटली. औषधाच्या दुकानातून भावाने नवी आणली, त्यावर ४० आययू (युनिट) प्रति मिली लिहिलेलं. पॉड मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी बनलेला आहे. ४० चं भरलं असतं तर पंपाने दहा युनिट दिल्याचं दाखवलं असतं आणि अंगात गेले असते चार. इथे राहून ४० च्या बाटल्या असतात हेच मी विसरले होते, आणि माझं अर्धं लहानपण त्याच बाटल्यांवर गेलंय. बाटली बदलून आणली. तिकडे जाणाऱ्यांनी लेबल दोनदा वाचावं.

भारतातून नातलग विचारतात, आमच्या पोराला एक पाठव ना. त्यांना मी सांगते की हा मोबाइल नाही, एकदा आणला आणि वापरला असं होत नाही. तीन दिवसाला एक पॉड, वर्षाला सव्वाशेच्या आसपास. पुरवठा तुटला त्या दिवशी हातात नुसता कंट्रोलर राहतो. तिथल्या डॉक्टरांना जो पंप माहीत आहे, ज्याच्या पट्ट्या-नळ्या गावापर्यंत पोचतात, तो नळीवाला असला तरी बरा.

कचऱ्याचं मात्र मला वाईट वाटतं. प्रत्येक पॉडमध्ये बॅटऱ्या आणि यंत्र, आणि तीन दिवसांनी सगळं टाकून द्यायचं. बाबांनी घड्याळ तीस वर्षं दुरुस्त करून वापरलेलं बघितलेल्या माणसाला हे पचत नाही.

तरी परत नळीकडे जाशील का म्हणाल, तर नाही. पाचपैकी चार तारे. एक साबुदाण्यासाठी कापला.

हा पॉड उद्या सकाळी नऊ चाळीसला संपतोय आणि साडेनऊला माझी मीटिंग आहे, म्हणजे आज रात्रीच बदलावा लागणार. बाटली फ्रिजमधून आत्ताच काढून ओट्यावर ठेवलीय. थंड इन्सुलिन भरलं की बुडबुडे धरतात.