‘द गॉड डिल्यूजन’ : कट्टरतेचा आरोप कुठे टिकतो, कुठे टिकत नाही

देव हा भ्रम आहे, असे मांडणारे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचे हे पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले आणि लेखकही धर्मांधांइतकाच कट्टर आहे, असा आरोप तेव्हापासून होत आला. माझ्या मते आठव्या प्रकरणापुरता हा आरोप फोल ठरतो. नवव्या प्रकरणात मात्र त्यात तथ्य दिसते.

आठव्या प्रकरणात कर्ट वाइज या अमेरिकी भूवैज्ञानिकाची हकीकत आहे. विज्ञान खरे मानले तर बायबलमधली जी जी वचने गाळावी लागतील, ती त्यांनी तरुणपणी कात्रीने कापून काढली. अखेर ग्रंथ उचलायला जावे तर त्याचे तुकडे होतील, अशी त्याची चाळण झाली. पुढे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवूनही, विश्वातले सगळे पुरावे विरोधात गेले तरी आपण बायबलमधली सृष्टीची उत्पत्तीच मानू, असे त्यांनी जाहीर केले. याउलट डॉकिन्स पुरावा मिळाल्यास मत बदलण्याची तयारी दाखवतात आणि आस्तिक-नास्तिकतेच्या सात पायऱ्यांपैकी स्वतःला शेवटच्या, म्हणजे देव नाहीच अशा पूर्ण खात्रीच्या नव्हे, सहाव्या पायरीवर ठेवतात. स्वर कितीही चढा असला, तरी अशा भूमिकेला मूलतत्त्ववाद म्हणणे अन्यायाचे आहे.

पण प्रार्थनेचा परिणाम तपासताना १८०२ हृदयरुग्णांवरील प्रयोगाचा दाखला देणारे डॉकिन्स नवव्या प्रकरणात मुलांवरील धार्मिक संस्कारांकडे वळतात, तेव्हा त्यांची शिस्त सैल पडते. सात वर्षांची असताना पाद्र्याने केलेल्या अतिप्रसंगापेक्षा, वारलेली मैत्रीण प्रॉटेस्टंट असल्यामुळे नरकात गेली ही शिकवण आपल्याला अधिक भयंकर वाटली, असे कॅथलिक म्हणून वाढलेल्या एका अमेरिकी महिलेने त्यांना कळवले होते. तिची वेदना नाकारण्याचा प्रश्नच नाही; परंतु मुलाला कॅथलिक म्हणून वाढवण्याने होणारी हानी लैंगिक अत्याचारापेक्षाही मोठी असू शकते, या सरसकट विधानाचा भार असे अनुभव पेलू शकत नाहीत. सौम्य श्रद्धाही अतिरेक्यांना वाट मोकळी करून देते, हा त्यांचा दावाही मला असाच घाईचा वाटतो. देवाधर्माला नव्हे, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध, ही नरेंद्र दाभोलकरांची भूमिका परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही घाई विशेष खटकेल.

तरीही पुस्तक जरूर वाचावे. घेताना २००७ ची पेपरबॅक किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी, कारण तिच्या नव्या प्रस्तावनेत डॉकिन्स यांनी याच आरोपाला थेट उत्तर दिले आहे.