विधवा-निवृत्तिवेतनाची फाइल: अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रत-सेवेचा अनुभव

नातवाने शाळेसाठी वंशवृक्ष काढायला घेतला, तेव्हा आमच्या बाजूच्या सात पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून एका दुपारी मिळाल्या. त्याचे आजोळ मात्र १८७० च्या जनगणनेपाशी येऊन थांबले. आमच्या सुनेचे माहेर केंटकीतील आफ्रिकी-अमेरिकी घराण्याचे आहे, आणि १८५० व १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण एवढेच नोंदलेले असते. ही अडचण अखेर एका विधवेच्या अर्जाने सोडवली. तिचा नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या बाजूच्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या रेजिमेंटमध्ये होता आणि तिच्या निवृत्तिवेतनाची फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तिची प्रत मागवण्याची ही सेवा अशा प्रत्येक कुटुंबाने वापरावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

या फाइली इतक्या भरगच्च का असतात, हे कायद्यावरून कळते. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळू लागले. पण त्यासाठी विवाह झाल्याचे, मुले त्याच नवऱ्याची असल्याचे आणि आपण पुन्हा लग्न केले नसल्याचे तिला सिद्ध करावे लागे. २७ जून १८९० च्या कायद्यानंतर मृत्यू लष्करी सेवेमुळेच झाला हे दाखवण्याची गरज उरली नाही, मात्र रोजच्या कष्टांवाचून उपजीविकेचे साधन नाही, हे दाखवावे लागले. ज्यांच्याजवळ दाखले होते, त्यांनी ते जोडले. काहींनी तर घरच्या बायबलमधील जन्म-विवाहांच्या नोंदींची मूळ पानेच फाडून पाठवली. गुलामगिरीत झालेल्या लग्नांना कायद्याची मान्यताच नव्हती, त्यामुळे दाखल्याचा प्रश्नच नव्हता. १८६४ च्या कायद्याने अशा विधवांसाठी ती दोघे नवरा-बायको म्हणून राहत होती, ही साक्ष ग्राह्य धरली, आणि संशय आल्यास चौकशी अधिकारी गावात जाऊन जबान्या घेऊ लागले.

आमच्या फाइलमधील जबान्या वाचताना मी कितीतरी वेळा थांबले. अर्जदार बाई स्वतःच्या आईचे नाव सांगते, पूर्वीच्या मालकाचे नाव सांगते, आणि नवरा शेजारच्या मळ्यावर होता व शनिवारी रात्री भेटायला येई, हेही सांगते. प्रत्येक बाळंतपणाला हजर असलेली सुईण मुलांची वये महिन्यांच्या नावांनी नव्हे, तर तंबाखूच्या कापणीच्या हिशेबाने देते. बाईला लिहिता येत नव्हते. तिच्या जबानीच्या प्रत्येक पानाखाली एक फुली आहे. आमच्या त्र्यंबकच्या वहीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, पण त्यांतील एकाही बाईचे स्वतःचे असे वाक्य नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मागणी नोंदवण्यापूर्वी निवृत्तिवेतनांची जुनी अनुक्रमणिका पाहावी. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य आहे. कार्डावर सैनिकाचे नाव, पलटण, विधवेचे नाव, अर्जाची तारीख, अर्ज क्रमांक आणि मंजुरी क्रमांक असतात. सैनिकाचे आणि विधवेचे क्रमांक वेगवेगळे असले, तरी नवऱ्याचे कागद पुष्कळदा विधवेच्या फाइलमध्येच एकत्र केलेले असतात, म्हणून दोन्ही क्रमांक कळवावेत. मी मागणी नोंदवली तेव्हा १०० पानांपर्यंतच्या संपूर्ण फाइलचा दर ८० डॉलर होता, आणि निवडक आठ पानांच्या संचाचा ३०. आठ पानांवर समाधान मानू नये. त्याआधी एका खासगी संशोधकाने पैसे घेऊन मला केवळ मंजुरीचे कागद पाठवले होते. त्यांत विवाहाची तारीख होती, सुईण नव्हती. वॉशिंग्टनला जाणे शक्य असेल तर वाचनकक्षात मूळ कागदांची छायाचित्रे विनाशुल्क घेता येतात.

फोल्डथ्री या सशुल्क संकेतस्थळावर मंजूर झालेल्या विधवा-अर्जांपैकी काही फाइली घरबसल्या दिसतात, आणि १८१२ च्या युद्धाच्या फाइली तर तेथे विनामूल्य आहेत. मात्र तेथे फाइल नाही, म्हणजे ती अस्तित्वातच नाही असे समजू नये. नामंजूर अर्जही अभिलेखागारात जपलेले आहेत. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांची निवृत्तिवेतने त्या त्या राज्यांनी दिली, त्यामुळे ती राज्यांच्या अभिलेखागारांत शोधावी लागतात. नावाच्या बाबतीतही सावध राहावे. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे पती नेल्सन डेव्हिस सैन्यात नेल्सन चार्ल्स या नावाने होते. १८८८ मध्ये ते वारल्यानंतर दोन्ही नावांचा माणूस एकच हे सिद्ध करावे लागले, आणि महिना ८ डॉलर मंजूर व्हायला १८९५ साल उजाडले.

आमच्या फाइलमधील शेवटची जबानी सैनिकाच्या धाकट्या भावाची आहे. तोही त्याच पलटणीत होता, तो दुसऱ्याच आडनावाने सही करतो, आणि अनुक्रमणिकेत त्या आडनावाखाली त्याच्या विधवेचा अर्ज क्रमांक आहे, मंजुरी क्रमांकाची जागा मात्र कोरी आहे. गेल्या आठवड्यात मी ती फाइलही मागवली, अर्थात संपूर्ण.