वाळूजचं लेझर कटिंग: क्वार्टर स्केल कबच्या रिब्स कापून घ्यायच्या असतील तर

दुकानाचं नाव विचारू नका, बोर्डवर नुसतं "रबर स्टॅम्प, नंबर प्लेट, लेझर कटिंग" एवढंच लिहिलंय. संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये बजाजनगरच्या बाजूला लेझरवाले कुठं म्हणून कुणालाही विचारलं की दाखवतेत. धंदा मुख्य म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या, लग्नात स्टेजवर लावायची नवरानवरीची नावं आन गणपतीच्या आधी एमडीएफचे मखर. मॉडेल विमानाचं काम त्यांनी आधी कधी केलेलं नव्हतं. मी बाल्साची, म्हणजे मॉडेल विमानाला वापरतेत त्या एकदम हलक्या लाकडाची शीट काउंटरवर ठेवली तर मालकानं हातात घेऊन वर-खाली करून बघितली आन म्हणले, "सर, हे लाकूड हाय का थर्माकोल?"

तर विमान कोणतं, आधी ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पायपर जे-3 कब, क्वार्टर स्केल, म्हणजे खऱ्याच्या पाव मापाचं मॉडेल. खऱ्या कबचा स्पॅन, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं माप, 35 फूट 3 इंच, म्हणजे आपला झाला जवळजवळ 2.7 मीटर, लांबी 1.7 मीटर. पंख दोन तुकड्यात, नाहीतर माळवदाच्या घराच्या दारातून बाहेर निघणारच नाही. कबचं एक लई बरं हाय, पंख बुडापासून टोकाच्या वळणापर्यंत सारख्याच रुंदीचा, त्यामुळं टोकाच्या थोड्या सोडल्या तर सगळ्या रिब्स, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, एकसारख्या. खऱ्याची कॉर्ड, म्हणजे पंखाची रुंदी, 63 इंच म्हणजे आपली रिब 40 सेंमी लांब. हातानं करायचं म्हणलं तर प्लायचे दोन साचे करा, मधी बाल्साच्या पट्ट्या बोल्टनं आवळा, सगळा गठ्ठा घासा, मग खाचा पाडा. होतं, पण खाचा सगळ्या एका रेषेत येतीलच असं नाही आन तीस-चाळीस रिब्समधून स्पार, म्हणजे पंखाची लांब उभी पट्टी, ओवताना एक जरी तिरकी निघाली तरी पंखाला पीळ बसतो. म्हणून लेझर. बाहेरच्या शहरातून तयार किट मागवायचा पण विचार केला होता, पण एवढ्या मोठ्या खोक्याचं कुरिअर भाडं ऐकूनच गप बसलो.

आता दुकानाचं खरं कौतुक. मशीन सीओटू लेझरची, बेड 4 बाय 3 फुटाचा, आपली 36 इंची शीट आरामात बसते. 4 इंच रुंदीची शीट घेतली तर एका शीटमधून 4 रिब्स निघतेत. लेझर सगळीकडं तीच असते, फरक माणसाचा हाय. या माणसानं फाइल बघितल्या बघितल्या काम सुरू केलं नाही, आधी विचारलं की सर, खाचेत काय बसणार हाय. म्हणलं 3 एमएमचा लाइटप्लाय, म्हणजे हलका प्लायवूड. तर त्यांनी माझ्याच शीटच्या कडेला एक छोटी फणी कापली, 2.8, 2.9, 3.0, 3.1 अशा खाचांची, आन मला म्हणले बसवून बघा. 2.8 मध्ये ठोकावं लागलं, 2.9 मध्ये अंगठ्यानं दाबलं की गप बसलं, 3.0 मध्ये खुळखुळायलं. कारण बीम स्वतःच दीड-दोन दशांश मिलिमीटर लाकूड खाते, फाइलमध्ये 3 काढलं तर हातात 3 पेक्षा जास्त येतं. मग बसल्या जागी सगळ्या खाचा 2.9 करून दिल्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत. याच्या आधी शहरात दुसऱ्या एकाकडं फॉर्मर, म्हणजे बॉडीला आकार देणाऱ्या आडव्या चौकटी, कापून घेतले होते, त्यानं फाइल घेतली, कापली, पैसे घेतले, आन घरी आल्यावर सगळी बॉडी भिंगरीसारखी हलायली. त्यामुळं मला ही फणीच पाचशे रुपयाची वाटली.

अजून एक गोष्ट बघितली. मी बसलेलो असताना एक पोरगं सनबोर्ड घेऊन आलं, याच्यातून अक्षरं कापून द्या म्हणून. मालकानं सरळ नाही म्हणलं. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, लेझरखाली त्याच्यातून अ‍ॅसिडचा वायू निघतो, माणसाच्या फुफ्फुसाला वाईट आन मशीनच्या लेन्सला, पत्र्याला पण गंज आणतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण कापणार नाही असा माणूस मला बरा वाटतो.

बाल्साचं कटिंग एक नंबर. कडा फिक्कट तपकिरी, आरपार, बोटानं ढकललं की तुकडा सुटतो. एअर असिस्टचा, म्हणजे कापायच्या जागी हवा मारायचा कॉम्प्रेसर चांगला जोरात लावतेत म्हणून पेट घेत नाही, नाहीतर बाल्सा म्हणजे काडीपेटीच. शीट वाकलेली असली की मधला भाग उचलला जातो, तिथं फोकस हुकतो आन कड करपलेल्या भाकरीसारखी काळी होते, म्हणून शीट सपाट बघून न्या, पावसाळ्यात तर नक्कीच. काळी कड असेल तिथं फेविकॉल आत जिरत नाही, 320 नंबरचा पॉलिशपेपर हलका फिरवा आन मग चिकटवा. जास्त घासू नका, नाहीतर 2.9 ची खाच परत 3.1 व्हायची.

लाइटप्लाय पण ठीक. पण फायरवॉल, म्हणजे नाकातली इंजिन बसवायची फळी, त्यांच्याकडं देऊ नका. 30 सीसी पेट्रोल इंजिन ज्याला लटकणार हाय तो 6 एमएमचा बर्च प्लाय, त्याची कड लेझरनं काळीकुट्ट आन जरा तिरपी निघाली. हार्डवेअरच्या दुकानातला वॉटरप्रूफ प्लाय तर अजिबात नेऊ नका, त्याच्या थरातला फिनॉलचा गोंद लेझरला दाद देत नाही, दोनतीनदा फिरवूनही मधी कुठंतरी चिकटलेलंच राहतं. फायरवॉल जिगसॉनं कापा, दहा मिनिटाचं काम हाय.

आता तक्रार, आन ही छोटी नाही. 36 बाय 4 इंच, 3 एमएम जाडीची बाल्साची शीट 28 ग्रामची पण असते आन 55 ग्रामची पण असते, दिसायला दोन्ही सारख्याच. मी घरी प्रत्येक शीट किचनच्या काट्यावर तोलून पेन्सिलनं वजन लिहून नेतो. हलक्या शीट शेपटीला, मध्यम रिब्सला, कडक शीटच्या पट्ट्या स्पारला. कबचं नाक आखूड, त्यामुळं शेपटीत 1 ग्राम वाढला की नाकात दोन-तीन ग्राम शिसं ठेवावं लागतं. हे मी मालकाला समजावून सांगितलं होतं, पण दुपारी ते जेवायला गेले आन भाच्याला मशीनवर बसवून गेले. भाच्यानं सगळ्या शीट एकावर एक रचल्या आन हाताला येईल ती लावली. शेपटीचे निम्मे तुकडे 50 ग्रामच्या शीटमधून निघाले! पोरगं म्हणतंय, "काका, लाकूड तर एकच हाय ना." त्याचं तरी काय चुकलं म्हणा, एमडीएफ कापणाऱ्याला सगळी शीट एकच. मालक आल्यावर त्यांनी तेवढे तुकडे फुकट परत कापून दिले, पण शीट तर माझ्या गेल्या ना, आन बाल्सा काय आपल्याकडं शेतात उगवत नाही, बहुतेक माल इक्वेडोरचा. म्हणून सांगतो, वेगवेगळे गठ्ठे करा, प्रत्येकावर चिठ्ठी लावा आन मालक स्वतः असतील तेव्हाच जा.

दुसरी तक्रार बारकी. तुकड्यांवर नंबर कोरायला सांगितलं नाही तर कोरत नाहीत, सगळा खच एका पिशवीत भरून देतेत. फाइलमध्ये नंबर वेगळ्या रंगाच्या लेयरमध्ये टाका, कमी पॉवरवर बारीक कोरून देतेत, आन बारके तुकडे जाळीतून खाली पडतेत, त्याला अर्धा मिलिमीटरचा न कापलेला सांधा ठेवा. फाइल डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या फाइलचा एक प्रकार) द्या, मापं मिलिमीटरमध्ये, एकावर एक पडलेल्या डबल रेषा काढून टाका, नाहीतर तिथं मशीन दोनदा जाळतं. कोपऱ्यात 100 बाय 100 चा चौकोन काढा. त्यांच्याकडं सगळं कोरल ड्रॉमध्ये उघडतेत, तिथं कधी कधी स्केल बदलतं, चौकोन आधी कापून व्हर्नियरनं मोजला की विषय संपला.

पैसे मशीनच्या मिनिटावर. मला मिनिटाला 15 रुपये लावले, मखराच्या सीझनमध्ये जास्त लावतेत असं ऐकलं. यूपीआय चालतं, पक्कं बिल मागितलं तरच मिळतं. लग्नसराईत आन श्रावण-भाद्रपदात तुमचं काम मागं पडणार हे धरूनच चला. एप्रिल-मे मध्ये सकाळी जा, दुपारी 42 डिग्रीला चिलर, म्हणजे लेझरच्या ट्यूबचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, पण बोंबलतो, ट्यूबचं पाणी तापलं की ते मशीन बंद करून थांबतेत, आन थांबलेलंच बरं, गरम ट्यूबवर कट अर्धवट येतो.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो भाच्यामुळं. रिब्स, फॉर्मर, शेपटी बिनधास्त द्या, स्पारच्या पट्ट्या घरीच स्टीलपट्टी आन कटरनं काढा, सरळ रेषेसाठी मिनिटाचे पैसे कशाला घालवायचे. आन जालना, बीडकडून एसटीनं येणार असाल तर शीट दोन हार्डबोर्डच्या मधी घालून चारी बाजूनं टेप मारून आणा. जाताना तुकडे त्याच्यातच बांधून न्या, दुकानात पॅकिंगला वर्तमानपत्राशिवाय काही मिळत नाही.