घरी सोड्याचा नळ: केग, सिलिंडर आणि डीप फ्रीझरचे दहा महिने

आमच्या बाबांना जेवणानंतर अर्धा ग्लास सोडा लागतो. नागपुरातल्या बर्डीवर (सीताबर्डीवर) नोकरीला होते तेव्हाची, गोटी सोड्याच्या काळातली सवय. घरात आम्ही सहा माणसं. मार्च लागला की लिंबू सोडा, कोकम सोडा, बेलाच्या सरबतात सोडा असं सगळ्यांचंच सुरू होतं. मागच्या उन्हाळ्यात रोज तीन-चार बाटल्या यायच्या. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी झालेली असायची, आणि रिकाम्या बाटल्यांचं पोतं दर रविवारी भंगारवाल्याकडे जायचं. म्हणून दिवाळीनंतर मी घरी केग, म्हणजे दाबाखाली पेय साठवायचा बंद डबा, आणि नळ बसवला. आता पोळा होऊन गेला. आजवर २३ केग भरून रिकामे झाले. म्हणजे हिवाळा, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापाचे नऊ दिवस) आणि पावसाळा तिन्ही बघून झाल्यावर हे लिहितो आहे.

आधी एक खुलासा. हाच सेटअप परदेशात लोक घरच्या बिअरसाठी लावतात आणि त्याची जवळजवळ सगळी माहिती बिअरच्या अंगानेच मिळते. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणं गुन्हा आहे. माझ्या नळातून फक्त सोडा येतो. गंमत अशी की हे केग मुळात शीतपेयांसाठीच बनले होते. कॉर्नेलियस नावाचा, पाच गॅलनचा म्हणजे सुमारे १९ लिटरचा स्टेनलेस स्टीलचा उंच डबा. शीतपेयवाले पुढे पिशवीबंद सिरपकडे वळले आणि हे डबे बिअरवाल्यांनी उचलले.

माझ्याकडे असे दोन केग आहेत, बॉल लॉक प्रकारचे, म्हणजे नळ्या दाबून खटकन बसवता येतात असे. सोबत पाच किलोचं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, त्याचा दाब ठरवणारा रेग्युलेटर, स्टीलचा एक नळ आणि आडवा डीप फ्रीझर. फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडायचं नाही, आतून गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. झाकण काढून मध्ये वीतभर उंचीची लाकडी चौकट बसवली आणि नळ त्या चौकटीत घातला. सुताराने अर्ध्या दिवसात काम केलं. केगमधल्या पाण्याचं बर्फ होऊ नये म्हणून फ्रीझरची वीज एका तापमान-नियंत्रकातून दिली आहे. त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो. मी तो पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवला आहे. सगळं मिळून ३८ हजार लागले, त्यात निम्म्याच्या जवळपास फ्रीझरचे.

पहिल्या आठवड्यात दोन फटके बसले. रेग्युलेटर घ्यायला गेलो तर दुकानदाराने वेल्डिंगचा हातात दिला, "गॅस तोच आहे न जी, चालते" म्हणाला. वेल्डिंगच्या रेग्युलेटरवर वायू मिनिटाला किती लिटर वाहतो ते दिसतं. आपल्याला हवा असतो दाब, तोही शून्य ते साठ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) टप्प्यात नीट बसवता येणारा. परत केला. वायूही खाण्यापिण्याच्या दर्जाचाच मागा. मला पहिल्यांदा मिळालेल्या सिलिंडरच्या सोड्याला तेलकट वास होता.

दुसरा फटका गळतीचा. रात्री सगळं जोडून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून झोपलो. सकाळी सिलिंडरच्या दाबाचा काटा शून्यावर. केगच्या झाकणाची रबरी रिंग एका बाजूने किंचित उचललेली होती, एवढंच कारण. ती फट डोळ्याला दिसत नव्हती. साबणाच्या पाण्याचा हात फिरवला तेव्हा तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उठताना दिसले. तेव्हापासून नवा केग लावला की आधी तीस पीएसआय दाब देऊन झाकण घट्ट बसवतो, मग साबणाचं पाणी, मग दहा मिनिटं व्हॉल्व्ह बंद करून काटा उतरतो का ते बघतो. हे एकदाही टाळत नाही.

यात पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे. पाच किलो कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला तर साधारण २,७०० लिटर वायू होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीतली दहा टक्के हवा म्हणजे तो, आणि एवढ्या प्रमाणात माणूस बेशुद्ध पडतो. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खाली साचतो. झोपायच्या खोलीत, बंद स्टोअररूममध्ये हे लावूच नका. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा, आणि त्याच्या खांद्यावर कोरलेली दाबचाचणीची तारीख बघून घ्या. ही चाचणी दर पाच वर्षांनी व्हावी लागते. देशभरातल्या गॅस सिलिंडरचे नियम बघणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तरी तारीख न बघता सिलिंडर उचलणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

आता खरा मुद्दा, थंडावा. सगळे दाबाबद्दल विचारतात, पण सोडा बनतो तो थंडीमुळे. साध्या हवेच्या दाबाला ४ अंशांचं एक लिटर पाणी जवळजवळ दीड लिटर वायू धरून ठेवतं. २० अंशांना लिटरभरही धरत नाही आणि ३५ अंशांना जेमतेम ०.६ लिटर. नागपुरात माठाबाहेरचं पाणी मे महिन्यात किती तापतं ते सांगायला नको. मी पाणी आदल्या दिवशी फ्रिजमध्ये थंड करून मगच केगमध्ये भरतो. मग थोडा दाब देऊन वरची झडप ओढतो, असं सहा-सात वेळा, म्हणजे आत अडकलेली साधी हवा निघून जाते. त्यानंतर तीस पीएसआयवर पाच दिवस सोडून देतो. केग हलवून घाईने एका दिवसातही होतो, पण पाच दिवसांच्या सोड्याचा बुडबुडा बारीक असतो, जिभेला टोचतो आणि ग्लासात टिकतो.

एवढं करूनही पहिले तीन आठवडे माझा सोडा नळातून फसफसत उडायचा आणि ग्लासात पडेपर्यंत निम्मा मरायचा. दाब कमी केला तर सोडा फिका, वाढवला तर शिंतोडे. शेवटी चूक सापडली ती नळीत. किटबरोबर आलेली नळी दीड मीटरची होती, बिअरच्या हिशोबाची. बिअर दहा-बारा पीएसआयवर चालते, तिच्यात वायू सोड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. तीस पीएसआयचा सोडा एवढ्याशा नळीतून आला की नळाच्या तोंडाशी दाब एकदम सुटतो आणि वायू पाण्यातून उसळून बाहेर पडतो. नळी लांब असली की तो दाब वाटेत घासून हळूहळू उतरतो. मी पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची सात मीटर नळी आणली आणि गुंडाळून केगवर ठेवली. पहिला ग्लास भरताना आवाजच नाही! काचेच्या कडेने सोडा शांत उतरला आणि मग तळातून बारीक माळा वर येऊ लागल्या. बाबांनी तो ग्लास उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. "बर्डीवरचा सोडा असाच लागे," म्हणाले. दीडशे रुपयांच्या नळीने जे केलं ते हजारोंच्या सामानाने केलं नव्हतं.

नळ नेहमी पूर्ण उघडा. अर्धवट उघडला तर तिथेच घुसळण होते.

उन्हाळ्यात पुन्हा एक अडचण आली. फ्रीझरच्या तळाशी २ अंश आणि वर चौकटीपाशी ११. नळ आणि नळी वरच, म्हणून दुपारचा पहिला ग्लास हमखास फसफसायचा. संगणकातला बारा व्होल्टचा छोटा पंखा आत लावला, खालची थंड हवा वर फिरवायला. दुसऱ्या दिवशी वर ५ अंश आले आणि तक्रार संपली.

सिलिंडर मी हवेशीर गॅलरीत ठेवलं होतं, नळी चौकटीतून आत. एप्रिलपर्यंत ठीक. पण ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही, आणि पारा ४५ च्या पुढे गेला की आतला दाब झपाट्याने चढतो. नवतप्याच्या आधीच सिलिंडर उचलून फ्रीझरमध्ये, दुसऱ्या केगच्या जागी ठेवलं. जेमतेम बसलं. थंड झाल्यावर काटा एकदम खाली आला आणि गॅस संपत आला असं वाटून मी वजनकाटा काढला. गॅस होता तेवढाच होता. आत द्रव असेपर्यंत काटा फक्त तापमान सांगतो, किती उरलं ते वजनावरूनच कळतं. आता सिलिंडर आत असतं म्हणून झाकण उघडल्यावर मिनिटभर थांबतो, लगेच डोकं आत घालत नाही. घरातल्या पोरांनाही तेच शिकवलं आहे.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे पेंचचं नळाचं पाणी येतं. त्यातला क्लोरीनचा वास सोड्यात जास्तच जाणवतो, म्हणून फिल्टरचं वापरतो. अगदी निव्वळ आरओच्या पाण्याचा सोडा मला आंबट-तुरट लागला. केगमागे एक सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घातलं की चव गोल होते.

केगमध्ये पाण्याशिवाय काही घालायचं नाही, हे मी पन्ह्यावरून शिकलो. अक्षयतृतीयेला गाळून घेतलेलं पन्हं भरलं होतं. दुसऱ्या दिवशी नळ बंद, कारण कैरीचा गर आतल्या झडपेत जाऊन बसला. आधी सगळा दाब सोडून मगच ती झडप उघडायची असते, नाहीतर तुकडा गोळीसारखा उडतो. संत्र्याचा रस तर मुळीच नाही. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडू होत जातो, रसातल्या लिमोनिनमुळे. शिवाय साखर असलेलं काही साचलं की आंबतं. आम्ही मृग बहाराची संत्री येत होती तोवर ताजा रस ग्लासात घ्यायचो आणि वरून नळाचा सोडा. तीन भाग सोडा, एक भाग रस, किंचित काळं मीठ. यासाठी पाहुणे मुद्दाम येत होते.

नुसता सोडा असल्याने स्वच्छता सोपी आहे, पण टाळण्यासारखी नाही. महिन्यातून एकदा धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी केग, नळी आणि नळातून फिरवतो, मग भरपूर साधं पाणी. नळाचं तोंड रोज पुसायचं, पावसाळ्यात तिथे चिकट थर धरतो. श्रावणात लाकडी चौकटीला आतून काळी बुरशी आली होती. घासून, वाळवून पॉलिशचे दोन हात दिले. हे बसवतानाच करायला हवं होतं. नळ, जोड, सगळं स्टीलचंच घ्या. पितळेवर पॉलिश कितीही असो, सोडा आंबट असतो आणि त्यातून तांबं पाण्यात उतरतं.

एका सिलिंडरवर मला १६ केग मिळाले. हिशोबाने वीस निघायला हवेत, तेव्हा कुठेतरी थोडं गळतं आहे, शोधतो आहे. उन्हाळ्यात एक केग आठ-नऊ दिवस पुरला, थंडीत तीन आठवडे. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "कायले एवढा खटाटोप करता जी, बाटली आणायची न." दोघांच्या घरात, आठवड्याला दोन बाटल्या लागत असतील तर त्यांचं बरोबर आहे, बाटलीच आणा. आमच्या उन्हाळ्याच्या चार महिन्यांत १३ केग गेले, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या वर सोडा, आणि भंगारवाल्याला द्यायला एकही पोतं निघालं नाही.

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरात सुरू होतील. त्याआधी दोन्ही केगच्या सगळ्या रिंगा बदलायच्या आहेत, सिलिंडर पुन्हा गॅलरीत काढायचं आहे आणि दुसरा नळ बसवायचा आहे, थोड्या खालच्या उंचीवर. बाबांना आता वरचा नळ ओढताना खांदा दुखतो.